ताप गेला, तरी गोळी चालूच

संध्याकाळपर्यंत खेळत असलेल्या मुलाच्या पोटात रात्री दुखू लागते. पहाटेपर्यंत ताप १०३वर जातो, पोट लाकडासारखे कडक होते, हात लावू देत नाही. आईवडील घाईघाईने रुग्णालय गाठतात. पोट तपासून डॉक्टरांना अपेंडिक्सची शंका येते, कधी शस्त्रक्रियाही होते आणि काढलेले अपेंडिक्स निरोगी निघते. दोन-तीन दिवसांत ताप आपोआप उतरतो, दुखणे थांबते, मूल शाळेत जाऊ लागते. तीन आठवडे काहीच नाही. मग पुन्हा तेच. एखाद्या वेळी पोटाऐवजी श्वास घेताना छातीत कळ येते, एखाद्या वेळी एकच गुडघा किंवा घोटा सुजून लाल होतो.

तुर्कस्तान, आर्मेनिया, इस्रायल, लेबनॉन या भागांतल्या असंख्य कुटुंबांना हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आजाराचे नाव फॅमिलियल मेडिटेरेनियन फीव्हर, म्हणजे भूमध्य समुद्राभोवतीच्या लोकांत आढळणारा आनुवंशिक ताप. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात एफएमएफ म्हणतात. जगाच्या हिशेबात तो दुर्मिळ, पण तुर्कस्तानात साधारण हजारात एकाला असतो. आपल्याकडे तो फारच क्वचित दिसतो. तरीही त्याच्या औषधाची गोष्ट आपण वाचावी अशी आहे. हे औषध आपल्या नाक्यावरच्या मेडिकलच्या दुकानात मिळते आणि ज्या रसायनाची ती गोळी आहे ते सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या एका वेलीतही असते. पण खरे कारण वेगळे आहे. या गोळीचे मोठे काम ताप थांबवणे हे नाहीच, आणि हे रुग्णाला पटवणे डॉक्टरांना आजही जड जाते.

‘पाळीचा ताप’ म्हटले की आपल्याला हिवताप आठवतो. एफएमएफचा ताप तसा नेमाने येत नाही. कुणाला आठवड्याला, कुणाला वर्षातून दोनदा. तो कोणत्याही जंतूमुळे येत नाही, त्यामुळे अँटिबायोटिकने जातही नाही. शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा विनाकारण भडकते आणि पोट, फुप्फुस व सांधे यांच्या आतल्या पातळ आवरणांना सूज आणते. बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत हा भडका चालतो आणि विझतो. नव्वद टक्के रुग्णांत तो विशीच्या आत सुरू होतो.

१९४५ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर शेपर्ड सीगल यांनी अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन केले. दुखणे भयंकर, पण दर वेळी आपोआप बरे होते, म्हणून त्यांनी आजाराच्या नावातच ‘सौम्य’ हा शब्द घातला. तो शब्द फार काळ टिकला नाही. १९५२मध्ये मामू आणि कत्तां या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले, की यातल्या काही रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होत आहेत. पुढे तेल अवीवजवळच्या तेल हाशोमेर रुग्णालयात हेलर, सोहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर आफ्रिका आणि इराकमधून आलेल्या ज्यू कुटुंबांचा वर्षानुवर्षे माग ठेवला. आजार आनुवंशिक आहे आणि आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तर तो होतो, हे त्यांनी मांडले. आज रूढ असलेले नावही त्यांचेच.

मूत्रपिंडे का बिघडतात, हे नीट समजून घ्यायला हवे. शरीरात दाह झाला, की यकृत ‘सीरम अमायलॉइड ए’ नावाचे प्रथिन तयार करू लागते. एरवी ते रक्तात किंचित असते. तापाच्या झटक्यात ते शेकडो पटींनी, कधी हजार पटींनी वाढते. वर्षानुवर्षे हे होत राहिले, की त्या प्रथिनाचे तुकडे अवयवांत साचू लागतात आणि एकदा साचले की सहजासहजी निघत नाहीत. याला अमायलॉइडोसिस म्हणतात. पहिला बळी जातो मूत्रपिंडांचा. आधी लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, मग पायांवर सूज येते आणि काही वर्षांत मूत्रपिंडे बंद पडतात. औषध सापडण्यापूर्वी अमायलॉइडोसिस झालेले अनेक जण चाळिशी गाठू शकत नव्हते.

यात एक फसवी बाब आहे. ज्याला ताप फार येतो, त्याचीच मूत्रपिंडे बिघडतील असे नाही. काहींना झटके सौम्य येतात, पण दोन झटक्यांच्या मधल्या काळातही रक्तात दाह धुमसत असतो. काही थोड्या रुग्णांत तर मूत्रपिंडाचा विकार हीच आजाराची पहिली खूण असते. आणखी एक कोडे असे, की कोल्चिसिनच्या आधीच्या काळात आर्मेनियातल्या रुग्णांत अमायलॉइडोसिस भरपूर दिसे, तर कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आर्मेनियन रुग्णांत तो जवळपास नव्हता. जनुक तेच, राहण्याची जागा वेगळी. अनेक देशांतल्या रुग्णांची तुलना केल्यावरही हेच दिसले, की रुग्ण कोणत्या देशात राहतो यावर मूत्रपिंडाचा धोका बराच अवलंबून असतो.

सत्तरच्या दशकापर्यंत या आजारावर उपाय नव्हता. स्टिरॉइड देऊन पाहिले, जेवणातले तेल-तूप कमी करून पाहिले. काही उपयोग नाही. मग १९७२मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे डॉ. स्टीफन गोल्डफिंगर यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटेसे पत्र लिहिले. मोजक्या पाच रुग्णांना रोज कोल्चिसिन दिले, तर त्यांचे झटके थांबले किंवा खूप कमी झाले, एवढाच मजकूर. त्याच वर्षी तुर्कस्तानात एमिर ओझकान यांनीही स्वतंत्रपणे हेच नोंदवले. दोघांना एकमेकांची खबर नव्हती.

कोल्चिसिन हे काही नवे औषध नव्हते. गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजून येणाऱ्या दुखण्यावर, ते शतकानुशतके वापरात होते. सहाव्या शतकातला वैद्य ट्रॅलेसचा अलेक्झांडर गाऊटसाठी ज्या कंदाची शिफारस करतो, तो याच कुळातला. त्या कंदातले रसायन १८२० साली पेलेतिए आणि काव्हान्तू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले. याच जोडीने त्याच वर्षी सिंकोनाच्या सालीतून क्विनाइनही वेगळे केले होते. हिवतापावरचे औषध आणि, दीडशे वर्षांनी कळले तसे, या दुसऱ्या पाळीच्या तापावरचे औषध, दोन्ही एकाच वर्षी एकाच प्रयोगशाळेतून बाहेर पडली!

कोल्चिसिनचे नाव काळ्या समुद्राकाठच्या कोल्किस या प्राचीन प्रदेशावरून आलेले. युरोपात ते शरद ऋतूत फुलणाऱ्या कोल्चिकम या कंदवर्गीय झाडापासून काढत. आपल्याकडे त्याचा स्रोत आहे कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर, डोंगरउतारावर वाऱ्याने हलणाऱ्या ज्वाळांसारखी पिवळी-लाल फुले दिसतात, तीच ही वेल. अग्निशिखा, खड्यानाग ही तिचीच नावे. कोकणात काही भागांत गौरीच्या पूजेत तिला मान असतो. तिच्या कंदाने बाळंतिणीला कळा येतात या समजुतीवरून कळलावी हे नाव पडले, आणि घरात लावली तर भांडणे होतात असेही म्हणतात. तमिळनाडूत ती राज्यपुष्प आहे आणि तिथले शेतकरी तिची लागवड करून बिया औषध उद्योगाला विकतात. पण हा कंद रताळे किंवा रानकंद समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. कोल्चिसिनच्या विषबाधेवर हमखास लागू पडणारा उतारा नाही. तेव्हा ‘नैसर्गिक आहे’ म्हणून वेलीचा कुठलाही भाग पोटात घालण्याचा विचारही कुणी करू नये. गोळीत हे रसायन अर्ध्या मिलिग्रॅमच्या मोजमापात असते, कंदात किती आहे हे कुणाला माहीत?

पुन्हा १९७२कडे येऊ. पाच रुग्णांच्या पत्रावर वैद्यक चालत नाही. दोन वर्षांत तीन वेगवेगळ्या गटांनी काटेकोर चाचण्या केल्या. त्यातली एक अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत चार्ल्स डिनारेलो आणि सहकाऱ्यांनी केली. रुग्ण फक्त अकरा. प्रत्येकाला आळीपाळीने काही दिवस खरी गोळी, काही दिवस औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. कोणती कोणती, हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. हिशेब उघडला तेव्हा खोट्या गोळीच्या काळात ३८ झटके आले होते, कोल्चिसिनच्या काळात ७. दुर्मिळ आजारात हजारो रुग्ण जमवता येत नाहीत. तेव्हा एकाच माणसाची त्याच्याशीच तुलना करण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

मात्र झटका सुरू झाल्यावर घेतलेल्या कोल्चिसिनचा फारसा उपयोग होत नाही. ती पॅरासिटामॉलसारखी तापाची गोळी नाही. रोज, बरे असतानाही घ्यायची, तरच ती काम करते.

आणि मूत्रपिंडांचे काय? उत्तर मिळायला आणखी बारा वर्षे लागली. १९८६मध्ये तेल हाशोमेरच्या डेबोरा झेमर आणि सहकाऱ्यांनी कोल्चिसिन दिलेल्या १,०७० रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांपैकी ९६० जणांना सुरुवातीला अमायलॉइडोसिसची खूण नव्हती. यांतल्या ज्यांनी गोळ्या नियमित घेतल्या, त्यांच्यापैकी अवघ्या चार जणांच्या लघवीत पुढे प्रथिने दिसली. आणि गोळ्या नियमित घेत नाही अशी कबुली देणारे ५४ जण होते. त्यांच्यात ही संख्या होती सोळा. धोका किती, असे गणित मांडल्यावर गोळ्या नेमाने घेणाऱ्यांत तो अकरा वर्षांत दोन टक्क्यांहून कमी आणि चुकवणाऱ्यांत नऊ वर्षांतच जवळपास निम्मा निघाला. यात आणखी एक निरीक्षण असे, की ज्यांचे झटके कोल्चिसिनने पूर्ण थांबले नाहीत, त्यांचीही मूत्रपिंडे बहुतांशी वाचली.

म्हणजे ‘मला तर आता ताप येतच नाही, मग गोळी कशाला’ हा प्रश्न आणि ‘गोळी घेऊनही मला ताप येतोच, मग गोळी कशाला’ हा प्रश्न, दोन्ही चुकीच्या जागेवरून विचारले जातात. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णांना हा तिढा ओळखीचा वाटेल. इथे तो अधिक अवघड आहे, कारण गोळ्या घेणारा रुग्ण बहुधा दहा-बारा वर्षांचा असतो आणि त्याला त्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. लहानपणी आई हातावर गोळी ठेवते. वसतिगृहात गेल्यावर कोण ठेवणार? औषध लागू पडत नाही म्हणून आलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी सर्वप्रथम विचारायचा प्रश्न हाच असतो, की गोळ्या खरेच रोज पोटात जात आहेत का.

हे औषध आत नेमके करते काय, ते कळायला मात्र २०१६ साल उजाडावे लागले. १९९७मध्ये दोन आंतरराष्ट्रीय गटांनी एकाच सुमारास १६व्या गुणसूत्रावरचे जनुक शोधले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला एका गटाने अग्नीसाठीच्या ग्रीक शब्दावरून ‘पायरिन’ म्हटले, तर फ्रेंच गटाने रोमन लोकांच्या ‘आपला समुद्र’ या भूमध्य समुद्राच्या नावावरून ‘मारेनोस्ट्रिन’. पहिले नाव रुळले.

पायरिन हा पांढऱ्या पेशींमधला राखणीचा कुत्रा समजा. एरवी तो साखळीला बांधलेला असतो. साखळी धरणारा हात म्हणजे ‘ऱ्हो-ए’ नावाचे दुसरे प्रथिन. काही जिवाणू पेशीत शिरल्यावर आपल्या विषाने नेमके ऱ्हो-ए निकामी करतात. हात सुटला, की कुत्रा भुंकू लागतो, इंटरल्यूकिन-१ हे दाह पेटवणारे रसायन बाहेर पडते आणि ताप चढतो. निरोगी माणसात ही व्यवस्था उपयोगाचीच आहे. एफएमएफच्या रुग्णात साखळीची कडीच सैल असते, चोर नसतानाही कुत्रा सुटतो. कोल्चिसिन पेशीतल्या सूक्ष्म नलिकांचा सांगाडा मोडते. त्या नलिकांना चिकटलेले एक प्रथिन त्यामुळे मोकळे होते आणि ते ऱ्हो-एला जोर देते. धरणारा हात घट्ट होतो. जे औषध चौदाशे वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी निव्वळ अनुभवाने निवडले, ते नेमके साखळीवर काम करते हे वाचून थक्क व्हायला होते.

इतके त्रासदायक जनुक भूमध्य समुद्राभोवती इतके पसरले कसे, यालाही बहुधा याच कुत्र्यापाशी उत्तर आहे. प्लेगचा जिवाणू पायरिनला गप्प करण्याचे खास प्रथिन बाळगतो. सैल कडीचा पायरिन त्याला सहज दबत नाही, असे २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. दोन्ही प्रती सदोष असतील तर आजार होतो. एकच असेल तर माणूस सहसा ठणठणीत राहतो, आणि प्लेगच्या साथींत त्याला थोडे जास्त संरक्षण मिळाले असावे. आज तुर्की लोकांत सुमारे दहा टक्के जण असे वाहक आहेत.

साधारण पाच ते दहा टक्के रुग्णांना कोल्चिसिन पुरत नाही किंवा सोसत नाही. त्यांच्यासाठी इंटरल्यूकिन-१ला अडवणारी इंजेक्शने आहेत. अ‍ॅनाकिन्रा रोज घ्यावे लागते, कॅनाकिन्युमॅब चार आठवड्यांतून एकदा. कोल्चिसिनला दाद न देणाऱ्या रुग्णांवरची कॅनाकिन्युमॅबची चाचणी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. चालू झटका शमून सोळा आठवडे पुन्हा न आलेले रुग्ण औषधाच्या गटात ६१ टक्के होते, औषधाविना ६ टक्के. हे इंटरल्यूकिन-१ ओळखण्याचे पायाभूत काम करणाऱ्यांत तेच डिनारेलो आहेत, ज्यांनी तरुणपणी अकरा रुग्णांवर कोल्चिसिन तपासले होते. या इंजेक्शनांचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला नाही. शिवाय ती सुरू झाली, तरी कोल्चिसिन सोसत असेल तर ते चालूच ठेवण्याचा सल्ला दिला जातो, कारण मूत्रपिंडे वाचवण्याचा दीर्घ अनुभव त्याच्याच गाठीशी आहे.

स्वस्त औषध स्वस्तच राहील याची मात्र खात्री नसते. अमेरिकेत कोल्चिसिनची गोळी काही सेंटना मिळत असे. तिथल्या औषध प्रशासनाने २००९मध्ये एका कंपनीच्या कोल्चिसिनला रीतसर मंजुरी दिली आणि दुर्मिळ आजारावरचे औषध म्हणून एफएमएफसाठी सात वर्षांची मक्तेदारीही. गोळीची किंमत ९ सेंटवरून जवळपास पाच डॉलरवर गेली.

रोजच्या वापरात काय सांभाळायचे? प्रौढांना बहुधा दिवसाला १ ते दीड मिलिग्रॅमपासून सुरुवात होते, पाच वर्षांखालच्या मुलांना अर्धा मिलिग्रॅम किंवा कमी. सुरुवातीला जुलाब होतात, म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात. गर्भारपणात आणि अंगावर पाजताना गोळी बंद करण्याची गरज नसते, उलट बंद केल्याने झटके वाढून गर्भाला धोका होऊ शकतो. खरी भीती आहे ती दुसऱ्या औषधांची. घसा किंवा छातीच्या संसर्गावर सर्रास दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कोल्चिसिनला शरीराबाहेर जाऊ देत नाही. रोजचीच मात्रा साचून विषासमान होते आणि यातून मृत्यूही झाले आहेत. बुरशीवरची काही औषधे, सायक्लोस्पोरिन, यांच्याबाबतही तीच काळजी. मूत्रपिंड किंवा यकृत आधीच कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. आपल्याकडे गाऊटसाठी कोल्चिसिन घेणारे पुष्कळ आहेत, त्यांनाही हे तितकेच लागू. नवी चिठ्ठी लिहून घेताना ‘मी कोल्चिसिन घेतो’ हे डॉक्टरला आणि औषध विक्रेत्यालाही सांगायचे.

महाराष्ट्रातल्या एखाद्या घरात मुलाला पुन्हा पुन्हा ताप येत असेल, तर शक्यता हिवताप, विषमज्वर, मूत्रमार्गाचा संसर्ग, क्षय यांचीच आधी धरायची. लहान मुलांत ठरावीक दिवसांनी ताप, तोंड येणे, घसा आणि मानेच्या गाठी सुजणे असा पीएफएपीए नावाचा प्रकारही दिसतो. तो वाढत्या वयाबरोबर बहुधा आपोआप जातो. आनुवंशिक तापाचे इतरही प्रकार आहेत आणि त्यांतल्या अनेकांत कोल्चिसिनचा विशेष उपयोग होत नाही. म्हणून निदानाशिवाय ते सुरू करू नये. पण सगळे अहवाल दर वेळी ‘नॉर्मल’ येत असतील, ताप दोन-तीन दिवसांत आपोआप जात असेल आणि हे वर्षभर चालले असेल, तर एक वही करावी. ताप कधी आला, किती होता, किती तास टिकला, पोट, छाती की सांधा दुखला, पायावर लाल चट्टा उठला का. चट्ट्याचा फोटो काढून ठेवावा. सीआरपी ही रक्ततपासणी एकदा ऐन तापात आणि एकदा ठणठणीत असताना करावी. ही वही घेऊन बालसंधिवात तज्ज्ञांकडे किंवा मोठ्या रुग्णालयातल्या संधिवात विभागात गेल्यास जनुकीय चाचणी करायची की नाही, हे ते ठरवू शकतात.

निदान झालेल्या रुग्णाने दर सहा महिन्यांनी करायच्या तपासण्यांत सर्वांत साधी आहे ती लघवीतल्या प्रथिनांची. कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती होते. ताप आलेला असो वा नसो, ती करायचीच.